बारा सालची वही

स्वेनबोर्ग, १४ जानेवारी २०२४

बोदिल,

जाड पाकीट बघून घाबरू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकिणीशी रोज बटाट्यांवरून भांडतात, यावरून काय ते समज. नाताळची कार्डं सोडली तर बारा वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, आणि तेही काम पडलं म्हणून. खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांपूर्वी बेकरी विकली, हे कार्डावर कळवलं होतं. का विकली ते नव्हतं कळवलं. पिठाचा दमा झाला मला. डॉक्टर म्हणाली, "लोने, पीठ सोड, नाहीतर एक दिवस श्वास सुटेल." मी म्हटलं, पीठ सोडून मला येतं काय? तर म्हणाली, शीक. घ्या! पंचेचाळिसाव्या वर्षी शीक! तर बाई, शिकले. अडीच वर्षं ओडेन्सला रोज गाडीने जाऊन प्रयोगशाळेतलं काम शिकले. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळ्या पोरी घाईघाईने पुस्तकं उघडायला लागल्या. त्यांना वाटलं, शिकवणाऱ्या बाई आल्या. आता गेल्या महिन्यात पास झालेय. चांगल्या मार्कांनी, हेही सांगून टाकते.

आता नोकरी. ओडेन्समध्येच एक प्रयोगशाळा आहे. पाव, चीज, बिअर, यांतले सूक्ष्मजीव त्या लोकांनी गोळा करून ठेवलेत. पीठ उडत नाही तिथे, नुसते त्यातले जीव काचेच्या बशीत. मला तिथेच जायचंय, दुसरीकडे कुठेही नाही. दोन पानी बायोडेटा मागितलाय. माझा चार पानी झालाय. नोकरीकेंद्रातल्या पियाने मला त्यात "लवचीक" आणि "सकारात्मक" असे शब्द घालायला लावले. ते वाचून मलाच वाटलं, ही बाई कोण?

तूही याच बेकरीतून उठून तिकडे फेरो बेटांवर गेलीस आणि सामन माशांच्या प्रयोगशाळेत उभी राहिलीस. आता तर तूच माणसं निवडतेस म्हणे, बाबांच्या शेजारणीकडून कळलं. म्हणजे हे कसं करायचं ते ठाऊक असलेलं माणूस मला एकच माहीत आहे. लाल पेन्सिल अजून वापरतेस ना? वापर. झालं गेलं ते मी इथे काढत नाही.

लोने


स्वेनबोर्ग, ४ फेब्रुवारी

बोदिल,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठीबिठ्ठी असेल म्हणून उलटं करून झटकलं. काही नाही. नुसता माझा बायोडेटा, आणि तो तर गोवर आल्यासारखा लाल! पण खरं सांगू, वाचता वाचता मी स्वयंपाकघरात एकटीच खो खो हसले.

"थंडीत समुद्रात पोहते" याच्यापुढे तू लिहिलंस, "सगळा देश पोहतो." "कष्टाळू" याच्यापुढे, "हे उमेदवाराने ठरवायचं नसतं." आणि माझ्या फोटोपुढे, "हसतेयस कशाला?" अगं, फोटोवाल्याने हसायला सांगितलं!

पण एका ठिकाणी तू जे लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. "एकोणीस वर्षं बेकरी चालवली" याखाली तू लिहिलंस, "म्हणजे काय केलंस? हातांनी काय केलंस ते लिही. किती वजन केलंस, किती अंशांवर ठेवलंस, कशात लिहून ठेवलंस, किती वेळा बिघडलं." मग मी बसले आणि लिहिलं. रोज चार प्रकारची पिठं ग्रॅमपर्यंत मोजली. पाण्याचं तापमान हवा बघून रोज बदललं. बाबांनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे रोजची वही ठेवली: पीठ, पाणी, तापमान, वेळ, पाव कसा झाला. शाईनेच लिहायचं, खोडरबर नाही. चुकलं तर वरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख आणि सही. वर्गात पहिल्याच आठवड्यात हेच शिकवलं, प्रयोगाची वही अशीच ठेवायची म्हणून, आणि मी मागच्या बाकावर बसून म्हटलं, अरेच्चा, हे तर आमचे बाबा!

आता दोन पानांत बसलं सगळं. तुझ्या हाताला यश आहे.

एक राहिलं. "१९४९ सालापासूनचं काळ्या पावाचं विरजण एकोणीस वर्षं एकही दिवस खंड न पडता सांभाळलं", या ओळीपुढे तू काहीच लिहिलेलं नाहीस. नुसतं एक प्रश्नचिन्ह आहे. पेन्सिल घसरली असेल असं समजून मी ओळ तशीच ठेवलीय. पहिल्या पानावर सगळ्यांत वर.

आणि हो, माझं काम पाहिलेल्या दोघांची नावं द्यायची असतात, ते फोन करून विचारतात. एक नाव कॉलेजातल्या बाईंचं. दुसरं तुझं दिलंय. "बोदिल योएनसेन, जुनी सहकारी." बहीण म्हटलं तर धरत नाहीत. तुझं आडनाव आता वेगळं आहे, कुणाला कळणार नाही. चालेल ना? चालणार नसेल तर कळव.

लोने


स्वेनबोर्ग, ३ मार्च

बोदिल,

बोलावलं! मुलाखतीला बोलावलं! बारा तारखेला, मंगळवारी. प्रयोगशाळेची प्रमुख विबेके, तिने स्वतः फोन केला. मी त्या वेळी बाथरूम घासत होते, हातात ब्रश धरूनच "हो, हो, नक्की" म्हणत राहिले.

ती काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, "एकशे चाळीस अर्ज आले, त्यात पदव्या सगळ्यांकडे आहेत. पण पंचाहत्तर वर्षं एकाच घरात जिवंत ठेवलेलं विरजण आणि त्याच्या रोजच्या नोंदी? असं आमच्या संग्रहात एकही नाही." त्या ओळीनेच झालं म्हणजे. बरणी घेऊन ये म्हणाली आणि वह्याही आण. बरणी माझ्याकडे आहेच, फ्रिजमध्ये. दर शनिवारी मास्क लावून बाबांपुरता एक पाव भाजते अजून.

बाबांना सांगितलं, तर त्यांनी जेवणघरात सगळ्यांना ओरडून सांगितलं, "माझ्या आईचं विरजण शास्त्रज्ञांकडे चाललंय! बारा साली जवळजवळ गेलंच होतं, ह्या लोनेने वाचवलं!" स्वयंपाकिणीने टाळ्या वाजवल्या.

मी घरी आले आणि वह्या काढल्या. अठरा सापडल्या. बारा सालची सापडत नाही. तळघरात ओल येते, तेव्हा खराब झाली असेल. एका वहीने काय बिघडतंय म्हणा.

तू अजून काही लिहिलं नाहीस. फोन नंबर बदललेला नाही ना? ते लोक फोन करतील तेव्हा उचल म्हणजे झालं.

लोने


स्वेनबोर्ग, १३ मार्च

बोदिल,

तळघरात ओल येत नाही. कधीच आली नाही. बारा सालची वही माझ्या कपाटात स्वेटरांखाली आहे, नेहमीच तिथे होती.

काल मुलाखत झाली. इतकी छान झाली की काय सांगू. पांढरा कोट घालायला दिला, हातात नळी दिली, मोजून थेंब टाकून दाखव म्हणाले. माझा हात तसूभर हलला नाही. विबेके म्हणाली, "हा हात कुठून आणलास?" मी म्हटलं, केकवर नावं लिहून. सगळे हसले. मग ती वह्या चाळायला बसली. एकेक पान उलटतेय, मान हलवतेय, आणि मध्येच विचारलं, "बारा सालची कुठाय?"

मी म्हटलं, भिजली.

ती म्हणाली, "अरेरे." एवढंच. पण तिने कागदावर टिपून ठेवलं, "२०१२ नाही." आणि मला वाटलं, ही जर त्या काचेच्या बशीवर "१९४९" असं लिहिणार असेल, तर पुढे कितीतरी माणसं त्याच्यावर विश्वास ठेवून वर्षानुवर्षं मोजत बसतील. चुकीच्या जिवाला.

तुला सगळं ठाऊक नाहीये, बोदिल. अर्धंच आहे. आता सगळं सांगते, आणि मध्ये थांबणार नाही.

तीन मे, गुरुवार. दुसऱ्या दिवशी मोठा प्रार्थनादिवस, म्हणजे दुकानासमोर गरम गव्हाच्या बन्ससाठी कोपऱ्यापर्यंत रांग. तुझी दाढ ठणकत होती. तू म्हणालीस, "लोने, काळ्या पावाची कणीक आज माझ्याकडे आहे, तेवढी मळशील? मी दंतवैद्याकडे जाऊन येते." मी म्हटलं, जा. भिंतीवरच्या कामाच्या तक्त्यावर नाव तुझंच राहिलं. आणि मी एकीकडे बन्सचे ट्रे ओढत, दुसरीकडे काळ्या पावाची कणीक मळत, सगळंच्या सगळं विरजण कणकेत टाकलं. उद्याच्या विरजणासाठी रोज ठेवतो तो गोळा बाजूला काढलाच नाही. मीठ पडलं, पाव साच्यांत गेले, साचे भट्टीत गेले. मग घमेलं धुताना माझ्या लक्षात आलं. आजीचं विरजण मी भाजून टाकलं होतं. भट्टीत पाव फुलत होते, आणि वास तर इतका सुरेख सुटला होता की मला रडूच आलं.

मी गाडी काढली आणि फाबोर्गला केल्सेनकडे गेले. हो, त्याच केल्सेनकडे, ज्याच्या पावाला बाबा जन्मभर "ओला पुठ्ठा" म्हणत आले. त्याच्याकडून विरजणाचा एक गोळा मागून घेतला. ठरवलं होतं की गुपचूप घमेल्यात टाकायचा.

परत आले तर बाबांनी रिकामं घमेलं बघितलेलं होतं. तक्ता वाचलेला होता. आणि तू दंतवैद्याकडून नुकतीच आलेली, अर्धं तोंड बधिर, एक शब्द धड फुटत नाही, आणि बाबा तुझ्यावर काय काय ओरडत होते ते मी इथे लिहीत नाही. तुला ते पाठ असणार. मग त्यांना माझ्या हातातला डबा दिसला. उघडून वास घेतला आणि म्हणाले, "लोनेने घरी थोडं ठेवलं होतं! घरात एकीला तरी अक्कल आहे!"

मी "नाही" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तू माझ्याकडे बघत होतीस. त्या बधिर तोंडाने "हांग ना" म्हणालीस, "सांग ना" असं म्हणायचं होतं तुला. आणि मी म्हणाले, "विरजण वाचलं ना, मग झालं तर."

दोन महिने तू मी बोलायची वाट बघितलीस, आणि मग गेलीस. मी चूक लपवली, तुला तोंडघशी पाडलं आणि वर शाबासकी घेतली. बारा वर्षं घेतेय.

फक्त वहीशी खोटं बोलता आलं नाही. त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं होतं. बाबांना बारीक अक्षर तेव्हाच दिसेनासं झालेलं, ते वही वाचत नसत, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर धीर झाला.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. मी चुकले, बोदिल. तू नाही चुकलीस. हे सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं.

उद्या वही घेऊन ओडेन्सला जातेय. नोकरी जाणार, हे मी धरून चाललेय. जाऊ दे. नाही, जाऊ दे कसलं, फार वाईट वाटेल मला. तरीही जातेय.

लोने


स्वेनबोर्ग, २९ मार्च, गुड फ्रायडे

बोदिल,

तुझं उत्तर नाही. असू दे, मी मागितलेलं नाही. पुढे काय झालं ते तुला कळलं पाहिजे म्हणून लिहितेय.

विबेकेच्या टेबलावर वही उघडून ठेवली. ३ मे २०१२. माझंच अक्षर, पिठाचे डाग पडलेलं. "सगळं विरजण मळलं. गोळा काढायला विसरले. फाबोर्गहून केल्सेनचं आणलं. चूक माझी. लो." तिने वाचलं. मग पुढची पानं उलटली, पुढचा सगळा महिना. म्हणाली, "नवं विरजण पाच दिवस आंबट जास्त होत होतं, हेही लिहिलंयस." मी म्हटलं, होत होतं म्हणून लिहिलं. तिने वही मिटली आणि म्हणाली, "परवा माझ्याशी खोटं बोललीस." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बायोडेटातली ती ओळ दुरुस्त करून पाठव. मग बघू. तुझ्या त्या जुन्या सहकारीला मी फोन करणार आहे." पण "करू नकोस" असं कुठल्या तोंडाने म्हणू? तू जे खरं असेल तेच सांग. मी त्यात ढवळाढवळ करणार नाही.

तिथून सरळ बाबांकडे. त्यांच्या कानाशी बसून सगळं सांगितलं, दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या वेळी त्यांनी यंत्रच लावलेलं नव्हतं. ऐकून झाल्यावर म्हणाले,

"केल्सेन?"

"हो."

"बारा वर्षं मी केल्सेनचा पाव खाल्ला?"

"हो, बाबा."

"आणि चांगला म्हणालो?"

"दर शनिवारी."

त्यांनी तोंड असं केलं की मला हसू आवरेना, आणि हसता हसता मी रडायला लागले. ते मात्र हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मग विचारलं, "त्या दिवशी तिची दाढ काढली होती ना? कुठल्या बाजूची?"

मी म्हटलं, डावी. त्यांनी आपल्या डाव्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणून ती काही बोलली नाही होय. मी समजलो, कबूल करतेय."

मला म्हणाले, "तिला सांग, मी चुकलो." मी पेन काढलं, तर म्हणाले, "नको, थांब. तुझ्या सांगण्यावर आता मी नाही विसंबणार. मीच सांगतो." तेव्हा तुला फोन आला तर उचल, आणि कानापासून लांब धर, ते ओरडतात.

दुरुस्त केलेला बायोडेटा सोबत जोडलाय, विबेकेला दिला तसाच, म्हणजे तुलाही माहीत असावं. वरची ओळ आता अशी आहे: "एकोणीस वर्षं काळ्या पावाचं विरजण सांभाळलं. ३ मे २०१२ रोजी माझ्या चुकीने १९४९चं मूळ विरजण नष्ट झालं, पुढचं विरजण दुसऱ्या बेकरीचं. दोन्हींच्या रोजच्या नोंदी आहेत." पिया बघून म्हणाली, "लोने, अशी ओळ कुणी बायोडेटात घालतं का गं?" मी म्हटलं, मी घातलीय.

लोने


स्वेनबोर्ग, २५ एप्रिल

बोदिल,

प्रार्थनादिवसाची सुट्टी सरकारने रद्द केली यंदापासून, पण बन्सची रांग काही त्यांना रद्द करता आली नाही. बेकरीच्या नव्या मालकाकडे आज मी गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभी राहिले, मास्क लावून. बारा बन्स घेतले, गरम गरम, लोणी वितळतंय अजून. चार मी खाल्ले. विचारू नकोस.

रांगेतच विबेकेचा फोन आला. दोन मेपासून ये म्हणाली! मागच्या बाईला मी मिठीच मारली, ओळख ना पाळख. काम काय, तर येणारे नमुने लिहून घ्यायचे, कुठलं विरजण कुणाकडून आलं, कधी तुटलं, कधी जोडलं, ते माणसांकडून नीट काढून घ्यायचं. विबेके म्हणाली, "लोक याच बाबतीत सगळ्यांत जास्त खोटं बोलतात. तुला लगेच ओळखू येईल." घ्या! केल्सेनची बरणीही घेतली त्यांनी संग्रहात. वर लेबल लागलंय, "फाबोर्ग." बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मी विचारलं, माझी जुनी सहकारी काय म्हणाली? तर विबेके म्हणाली, "ते सांगायचं नसतं. पण फोन चाळीस मिनिटं चालला."

बाबांचाही तुला फोन झाला म्हणे रविवारी. काय बोललात ते मला सांगत नाहीत. फक्त विचारत होते की जूनमध्ये फेरोहून विमानाचं तिकीट केवढ्याला पडतं, आणि तू अजून बन्सवर लोणी जास्त लावतेस का.

आणि घरी आले तर दारात तुझं पाकीट. उलटं करून झटकलं. याही वेळी चिठ्ठी नाही, फक्त माझा बायोडेटा. यावेळी पानं पांढरीच, लाल काही नाही. माझ्या त्या वरच्या ओळीपुढेही काही नाही. मी पान उलटलं. अगदी शेवटी, जिथे तुझं नाव आहे, तिथे "जुनी सहकारी" या शब्दांवर तू शाईने एकच रेघ मारलीयस, सरळ, पातळ, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलंयस, "बहीण."

बाजूला तारीख आणि सही. बो.

मी ते पान उजेडात धरून बसलेय केव्हाची. उरलेले आठ बन्स गार होताहेत.

लोने